फ्लेक्सवर नसलेली गोलरक्षक : नाशिकच्या महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
संस्थाचालक, प्राचार्य आणि वेळापत्रक समित्यांचे सर्व सदस्य,
नाशिक शहर व जिल्ह्यातील महाविद्यालये

विषय : मुलींच्या मैदानी सरावाचा तास छापील वेळापत्रकात घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आमच्या महाविद्यालयाच्या फाटकावर डिसेंबरपासून एक फ्लेक्स लागलेला आहे. मुलींच्या फुटबॉल संघाने यंदा आंतरमहाविद्यालयीन विजेतेपद मिळवलं, त्याचा. मधोमध चषक, त्यामागे दोन रांगांत निळ्या जर्सीतल्या मुली, एका टोकाला क्रीडा संचालक सर आणि दुसऱ्या टोकाला मी. वर मोठ्या अक्षरांत ‘हार्दिक अभिनंदन’. आमचा संघ सोळा जणींचा. फ्लेक्सवरच्या मुली मोजल्या तर पंधरा भरतात. जी नाही ती आमची गोलरक्षक. अख्ख्या स्पर्धेत जिने एकच गोल होऊ दिला, ती.

अंतिम सामना पावणेपाचला संपला. बक्षीस समारंभाचे पाहुणे वाटेत होते, त्यामुळे कार्यक्रम सुरू व्हायला पाऊण तास लागला. तिची गाडी साडेपाचला सुटते. ती चुकली तर पुढची गाडी करंजाळीपर्यंतच जाते आणि तिथून तिच्या पाड्यापर्यंत अंधारात चार किलोमीटर पायी. पाच वाजता ती माझ्याजवळ आली. हातमोजे अजून हातातच होते. “मॅडम, मी निघू का?” एवढंच विचारलं तिने. मी तिला रिक्षापुरते पैसे दिले आणि जा म्हणाले. तिने मैदानाच्या कडेलाच बूट काढले, चपला घातल्या, सॅक पाठीला अडकवली आणि पळत सुटली. इकडे माईकवाला ‘हॅलो, हॅलो’ करत होता.

हे पत्र मी त्या पाऊण तासापायी लिहिते आहे. पाहुण्यांबद्दल माझी तक्रार नाही, रस्त्यात कोणालाही उशीर होतो. एसटीबद्दल तर मुळीच नाही. साडेपाचची ती गाडी नसती आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं नसतं, तर ही मुलगी बारावीनंतर शिकायला नाशिकला आलीच नसती. तक्रार आपल्याबद्दल आहे, आणि त्या ‘आपल्या’त मीसुद्धा आले. गेली सहा वर्षं मी वेळापत्रक समितीवर आहे. दर जूनमध्ये रकाने भरायला बसणाऱ्यांतली एक. त्या रकान्यांमध्ये मैदान कुठेच नव्हतं, आणि ते नाही हे सहा वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही.

मी मराठी शिकवते. मुलींचा संघ बाहेरगावी खेळायला जायचा तर सोबत महिला व्यवस्थापक लागते. ज्या मॅडम हे काम बघायच्या त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, म्हणून यंदा माझं नाव लागलं. जुलैत पहिल्यांदा मैदानावर गेले तेव्हा गोलपोस्ट बघून थबकले. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. टीव्हीवर तो एवढा वाटत नाही. त्याच्या मधोमध पाच फूट एक इंचाची मुलगी उभी राहिली की दोन्ही बाजूंना किती मोकळी जागा उरते, हे एकदा जवळून पाहावं अशी माझी सगळ्यांना विनंती आहे.

ती मुळात खो-खोची. पेठ तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिकलेली. तिथे खो-खो आणि कबड्डी जीव तोडून खेळतात. सरांनी तिला सूर मारून गडी टिपताना पाहिलं होतं आणि त्या सुरावरच तिला गोलमध्ये उभं केलं. पण खो-खोतला सूर पुढच्या बाजूला असतो. पळता पळता अंग झोकून द्यायचं. गोलरक्षकाला तोच सूर जागेवरून, आडवा, कधी उजवीकडे तर कधी डावीकडे मारावा लागतो. दिशा बदलायला शिकण्यातच तिचा पहिला महिना गेला. आमचं मैदान मुरमाचं आहे, हिरवळ काय ती पावसाळ्यापुरती. तिची दोन्ही कोपरं आणि कमरेच्या बाजू सोलवटून निघाल्या होत्या. हळद लावून वर्गात बसायची.

बाकीच्याही अशाच ठिकठिकाणच्या. कर्णधार देवळाली कॅम्पची. तोफखान्याच्या जवानांना मैदानावर खेळताना बघत ती मोठी झाली. लहानपणापासून फुटबॉल ठाऊक असलेली ती एकटीच. उजव्या बगलेने पळणारी सातपूरची, तिचे वडील एमआयडीसीत प्रेस मशीनवर आहेत. दोघी सिडकोच्या, एक पंचवटीची, एक दिंडोरीहून रोज ये-जा करणारी. उरलेल्या बहुतेक जणी शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीत उतरायच्या. आपल्या जिल्ह्यात धावणाऱ्या मुलींची वानवा कधीच नव्हती. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणलं. आमच्या गोलरक्षकाच्या वहीच्या पहिल्या पानावर कविताच्या बातमीचं कात्रण चिकटवलेलं आहे. कडा पिवळ्या पडल्यात. शाळेत असताना बाईंनी दिलं होतं म्हणाली.

आता वेळेचा हिशेब सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं आहे.

आमच्याकडे कला आणि वाणिज्य सकाळी साडेसातला भरतं आणि साडेबाराला सुटतं. विज्ञान अकराला सुरू होतं आणि प्रात्यक्षिकं धरून पाचला संपतं. जिल्ह्यातल्या अनेक महाविद्यालयांत थोड्याफार फरकाने हेच आहे. सोळा मुलींपैकी नऊ जणी सकाळच्या, सात विज्ञानाच्या. म्हणजे सगळ्या एकत्र येणार त्या पाचनंतर. जुलै-ऑगस्टात एक वेळ चालतं, सातपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि नेमकं तेव्हाच सामने असतात. गोलरक्षक प्राणिशास्त्राची. आठवड्यातले चार दिवस तिचं प्रात्यक्षिक पाचपर्यंत आणि गाडी साडेपाचला. ती मैदानावर कधी येणार?

सरांनी मार्ग काढला तो असा. ती पहाटेच्या गाडीने नाशिकला यायची. नऊ ते साडेदहा सर तिला एकटीला घेऊन मैदानावर उतरायचे आणि त्यानंतर ती वर्गात जायची. संध्याकाळी बाकीचा संघ जमायचा तेव्हा ती पेठच्या वाटेवरच्या सावळघाटाच्या वळणांवर असायची. चार महिने आमच्या मुली रिकाम्या गोलवर शॉट मारत राहिल्या आणि आमची गोलरक्षक रिकाम्या मैदानात एकट्या सरांचे शॉट अडवत राहिली. अख्खा संघ एकत्र आला तो फक्त रविवारी किंवा सुटीच्या दिवशी, तेही ज्यांना घरून सोडलं त्यांच्यासह. मी डायरीत नोंद ठेवली होती. जुलै ते नोव्हेंबर मिळून सोळा जणी एकत्र खेळल्या चौदा वेळा.

त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. उपांत्य सामन्यात आम्ही एका गोलने पुढे होतो. समोरच्या संघाने लांबून एक उंच चेंडू टाकला. आमची गोलरक्षक पुढे आली आणि तिने हाक दिली, “माझा!” तिची मधली बचावपटू थांबायला हवी होती. ती थांबली नाही, कारण तिच्या कानाला त्या हाकेची सवयच नव्हती. दोघी एकमेकींवर आदळल्या, चेंडू निसटला आणि समोरच्या मुलीने तो अलगद आत ढकलला. स्पर्धेतला आमच्यावरचा एकमेव गोल. नंतर आम्ही २-१ जिंकलो, पण रात्री ती बचावपटू माझ्याजवळ येऊन रडली. म्हणाली, “मॅडम, मी तिचा आवाज ओळखलाच नाही.” एकाच संघातल्या दोन मुली, एकच महाविद्यालय.

मैदानाची गोष्ट त्याहून कठीण. नोव्हेंबरात, स्पर्धा तीन आठवड्यांवर आली असताना, आमचं मैदान नऊ दिवस एका प्रदर्शनाला भाड्याने गेलं. संस्थेला पैसा लागतो हे मला कळतं. इमारतीच्या दुरुस्त्या, विजेचं बिल, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं मानधन, सगळं त्यातून निघतं. दहाव्या दिवशी मैदान परत मिळालं तेव्हा त्यात मांडवाच्या बांबूंचे खड्डे होते, सुतळीचे गुंडे होते आणि खिळे होते. पहिल्याच संध्याकाळी सातपूरच्या मुलीच्या बुटात खिळा घुसला. नशीब की चाटून गेला. मग सराव बंद करून सगळ्या मुली हातभर अंतर ठेवून एका ओळीत उभ्या राहिल्या आणि गोलपोस्टपासून गोलपोस्टपर्यंत वाकून चालत गेल्या. दुसऱ्या दिवशी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या काकांनी मोठा नालाकृती चुंबक दिला. मुलींनी त्याला दोरी बांधली आणि तो जमिनीवरून ओढत फिरवला. दर दहा पावलांवर थांबायचं, चिकटलेले खिळे सोडवायचे, तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. दोनशे अकरा निघाले. तो डबा मी माझ्या कपाटात ठेवला आहे. कोणाला बघायचा असेल तर दाखवीन.

तेव्हा मी या खेळाचा इतिहास वाचायला घेतला, आणि एक गोष्ट वाचून त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या कारखान्यांत कामाला लागलेल्या मुली जेवणाच्या सुटीत फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टन गावातल्या डिक, कर नावाच्या कारखान्याच्या मुलींचा संघ त्यात सगळ्यात नावाजलेला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३ हजार माणसं आली. एका वर्षाच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तिथल्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांना कळवलं की बायकांच्या सामन्यांना मैदान द्यायचं नाही. मुलींचे पाय बांधून ठेवणं त्यांच्या हातात नव्हतं. मैदान त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी काढून घेतलं. तो निर्णय उठायला १९७१ साल उजाडलं. पन्नास वर्षं.

आपल्यापैकी कोणीही असा ठराव केलेला नाही, कोणाच्या मनातही तसं नाही. मी प्राचार्यांना ओळखते, संस्थेतल्या वडीलधाऱ्यांना ओळखते. मुली जिंकल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत. पण पाचपर्यंत प्रात्यक्षिक, सहाला अंधार, नऊ दिवस मांडव आणि साडेपाचची गाडी हे सगळं एकत्र केलं की मुलींच्या वाट्याला येणारं मैदान जवळपास त्या इंग्लंडमधल्या मुलींइतकंच उरतं.

आणि हे एकट्या आमच्याकडे नाही, म्हणूनच पत्र सगळ्यांना लिहिते आहे. आमचा पहिला सामना ज्या महाविद्यालयाशी होता त्यांच्याकडून नऊच मुली आल्या. बाकीच्यांची चाचणी होती. सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू होत नाही, नऊ चालतात. त्या नऊ जणी खेळल्या. शेवटच्या पंधरा मिनिटांत त्यांच्यातली एक पोटऱ्या आवळून खाली बसली, कारण दोन रिकाम्या जागा भरून काढण्यासाठी ती दुप्पट धावली होती. आमच्या कर्णधाराने जाऊन तिचा पाय ताणून धरला. आम्ही ४-० जिंकलो आणि कोणी जल्लोष केला नाही. दुसऱ्या फेरीत तर प्रतिस्पर्धी संघ आलाच नाही. त्यांच्या अंतर्गत परीक्षेची तारीख तीच होती. आम्हाला पुढे चाल मिळाली. आमच्या विजेतेपदात एक सामना न खेळता मिळालेला आहे, हे आमच्या मुलींना खुपतं. उपविजेत्या संघाच्या मॅडम मला म्हणाल्या की त्यांच्याही चार मुलींना प्रात्यक्षिकाचे गुण गेले.

उपांत्य सामना तालुक्याच्या गावी होता आणि त्याच्या आदल्या रात्री मुक्काम करावा लागणार होता. संमतीपत्रावर पालकांची सही हवी. गोलरक्षकाचे आईवडील तेव्हा पाड्यावर नव्हते. भात निघालं की त्यांच्याकडची निम्मी माणसं दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. तेव्हा ती घरी आजीजवळ असते. मी दिंडोरीच्या मुलीला घेऊन त्या बागेत गेले. मांडवाखाली पंधरा-वीस बाया घडांची विरळणी करत होत्या. हात वर, मान वर, बोटांत छोटी कात्री आणि पायाखाली हिरव्या मण्यांचा सडा. तिची आई पुढे आली, कात्री कमरेला खोचली आणि पदराने हात पुसले. फुटबॉलबद्दल तिने काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “राती पोरींसंगं कोण राहील?” मी म्हटलं, मी राहीन, त्याच खोलीत, दाराशी माझी गादी. तिने अंगठा उठवला आणि वर म्हणाली, “मग जाऊ द्या. तिला खेळायचा लई नाद हाये.” घाईने परत वळली, कारण मजुरी घडांच्या मोजणीवर होती.

मी हे मुद्दाम सांगते. पालक सोडत नाहीत, हे वाक्य आपल्या बैठकांमध्ये मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे, मीही ते म्हटलेलं आहे. यंदा सोळा घरांशी बोलले. तीन घरांनी आधी नकार दिला होता. कारण तिन्ही ठिकाणी एकच : अंधार पडल्यावर घरी येते. दिवसाउजेडी सराव असता तर त्यातली एकही हरकत उरली नसती.

अंतिम सामन्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही, कारण उत्तरार्धात माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. गोल दहाव्या मिनिटाला झाला. कॉर्नरवरून आलेला चेंडू गर्दीत पंचवटीच्या मुलीच्या गुडघ्याला लागून आत गेला. देखणा नव्हता. त्यानंतर बराच वेळ खेळ आमच्याच अर्ध्या भागात चालला होता. पश्चिमेचं ऊन थेट गोलरक्षकाच्या डोळ्यांत येत होतं. ती एका हाताने कपाळावर सावली धरायची, चेंडू जवळ आला की हात खाली. एकदा तिने उजवीकडे सूर मारला, चेंडू बोटांच्या टोकांनी खांबाबाहेर ढकलला आणि तशीच मुरमावर घसरत गेली. उठली तेव्हा कोपरावरचं हळदीचं खपलं निघून रक्त आलं होतं. सर ओरडले, “बदली देऊ का?” तिने मान हलवली. बदली गोलरक्षक आमच्याकडे नव्हतीच, हे तिलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कर्णधार प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. हातरुमालात गुंडाळलेलं पदक तिने गोलरक्षकाच्या हातात ठेवलं. आत प्रात्यक्षिक सुरू झालं होतं, म्हणून गोलरक्षकाने ते ॲप्रनच्या खिशात टाकलं आणि सूक्ष्मदर्शकापुढे जाऊन बसली.

माझी मागणी एकच आहे आणि ती पैशाची नाही. मुलींच्या मैदानी सरावाचा तास छापील वेळापत्रकात घ्या. आठवड्यातून चार दिवस, दुपारी तीन ते साडेचार.

हे कसं जमेल ते सांगते, कारण रकाने मीही भरते. विज्ञानाची प्रात्यक्षिकं तुकड्यांनी होतात. अ, ब, क अशा तुकड्या आपण आडनावांच्या क्रमाने पाडतो, त्यामागे दुसरं काही कारण नसतं. खेळाडू मुलींना प्रत्येक विषयात एकाच तुकडीत घाला आणि त्या तुकडीची प्रात्यक्षिकं अकरा ते दोनच्या दरम्यान लावा. त्यांचे तास मग दुपारी तीनच्या आत संपतात. प्रयोगशाळा तेवढीच लागते, शिक्षक तेवढेच लागतात, एकही जादा तास होत नाही. मी आमच्या महाविद्यालयाच्या गेल्या वर्षीच्या वेळापत्रकावर हे करून पाहिलं. दोन शनिवार बसले. सात विज्ञान विषयांपैकी सहांत सरळ बसलं. रसायनशास्त्रात अडलं होतं, तिथे दोन तुकड्यांची अदलाबदल करावी लागली. सकाळच्या मुलींना साडेबारा ते तीन थांबावं लागेल, त्या वेळात ग्रंथालय उघडं आहे. तीन वाजताचं ऊन लागेल असं कोणी म्हणेल, पण आपला हंगाम पावसाळ्यात सुरू होऊन थंडीत संपतो. निफाडला पारा उतरतो त्या दिवसांत तीनचं ऊन मुलींना हवंहवंसं वाटतं. आणि हा तास एकदा छापला गेला की त्या वेळेत मैदान दुसऱ्या कशाला देताना कोणाला तरी तो तास आधी खोडावा लागेल. आज काहीच खोडावं लागत नाही.

अभ्यासाचं काय, हा प्रश्न योग्य आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर अशी भिंत नको असं म्हटलं आहे, आणि आपल्या नव्या आराखड्यात सहअभ्यासक्रमाला श्रेयांकही (क्रेडिट) आहेत. आपण ते श्रेयांक बहुधा एका प्रकल्पवहीवर देतो. जी मुलगी चार महिने सकाळी नऊला मैदानावर होती तिला ते मैदानावरच मिळायला हवेत. सामन्याच्या दिवशी बुडालेली चाचणी पुन्हा घेणं हेही शिक्षकाच्या हातातलं काम आहे. मी या वर्षी माझ्या विषयाची दोनदा घेतली. प्रत्येकी चाळीस मिनिटं गेली.

मैदानाची एक वेळ हक्काने मिळाली तर काय होतं, याचाही दाखला आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. महाविद्यालयांना मुलींचे संघ उभे करावे लागले. १९८२ मध्ये तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची (एनसीएए) मुलींची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा सुरू झाली आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने ती जिंकली. १९९१ मध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला. तो अमेरिकेने जिंकला, आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते त्याच विद्यापीठाचे अँसन डोरन्स. इकडे आपल्या मुलींनी २०२५ च्या जुलैत थायलंडला त्यांच्याच चिआंग माईमध्ये २-१ असं हरवून २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी खेळून तिथे पोचण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ. ती बातमी आली त्याच महिन्यात आमच्याकडे संघनिवडीची नोटीस लागली होती. एरवी सात-आठ नावं यायची, यंदा सव्वीस आली. त्यातल्या दहा जणी वेळ जुळत नाही म्हणून गळाल्या. त्या दहा जणींची नावं माझ्याकडे आहेत.

२०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरभर सुरू आहेत, मोकळ्या जागांना मागणी वाढणार हे उघड आहे. म्हणून यंदाचा जून महत्त्वाचा. आपल्यापैकी कोणत्याही महाविद्यालयाने आपलं वेळापत्रक आणि खेळाडू मुलींच्या विषयांची यादी माझ्याकडे दिली, तर मी तुकड्यांचा आराखडा करून देईन. मे महिन्याची सुटी मी त्यासाठी राखून ठेवली आहे.

आमचा आराखडा प्राचार्यांकडे दिलेला आहे. गोलरक्षकाचं येतं वर्ष शेवटचं आहे. तिच्या गाडीची वेळ मी आगारात जाऊन विचारून आले. जूनपासूनही साडेपाचच राहणार आहे. मैदानापासून स्थानकापर्यंत रिक्षाने वीस मिनिटं लागतात, म्हणून सराव साडेचारला संपवला आहे. बूट सोडायला आणि हातपाय धुवायला तिला पुरेसा वेळ मिळतो.

आपली,
मराठीची एक प्राध्यापिका आणि मुलींच्या फुटबॉल संघाची व्यवस्थापक,
नाशिक